दोन पॉइंट तीन

सातपूरची दुसरी पाळी आत गेली,
पहिलीच्या स्कूटर केव्हाच पपया नर्सरीपलीकडे.
यंत्र अजून मोजतंय.
नमुना एकशे बारा. दिंडोरीहून आलेला काळ्या द्राक्षांचा रस,
बाटलीवर हसरा मणी, त्याला दोन डोळे.

पडद्यावर रेघ सपाट चालते, चालते,
आणि चौदाव्या मिनिटाला उठतं टेकाड:
दिंडोरी रस्त्यावरून रामशेज दिसतो ना, तसं,
पण नखाएवढं.

हेच ते.
कुणी मिसळलेलं नाही, कुणी फवारलेलं नाही.
फवारणीची यादी वेगळी, तिचे दिवस मोजलेले असतात.
हे तडकलेल्या मण्यावर बसून
काळ्या बुरशीनं गपचूप केलेलं.
रस उकळला की बुरशी मरते,
तिनं टाकलेलं मरत नाही.
भाडेकरू गेला, खिळे भिंतीतच.

मर्यादा किलोला दोन मायक्रोग्रॅम.
म्हणजे किती, मॅडम? विश्राम विचारतो, बाटल्या विसळता विसळता.
दहा हजार लिटरचा टँकर घे,
त्यात तांदळाचा एक दाणा टाक.
एवढ्याशा दाण्यासाठी एवढी मशीन?
तो हसतो.

हा दोन काही आभाळातून पडला नाही, विश्राम.
कुठे तरी डुकरांची मूत्रपिंडं तपासली,
आलेल्या आकड्याला भागलं, पुन्हा भागलं,
आणि मग कुणाचं तरी वजन धरलं.
मी आपली मिहिकाचं धरते. सोळा किलो,
परवाच शाळेत काट्यावर उभी राहिली, बूट न काढता.
तिच्या डब्याशेजारी खोका असतो, स्ट्रॉ चिकटवलेली.

आकडा आला.
दोन पॉइंट तीन.
अनिश्चितता अधिक-उणे शून्य पॉइंट पाच.
म्हणजे एक पॉइंट आठ असू शकेल.
दोन पॉइंट आठही असू शकेल.
आमच्या लॅबची पद्धत अशी, की संशयाचा फायदा
बाटलीला.

केदूशेठ पिंगळ्यांचा फोन.
ताई, बसतंय ना दोनात?
बसवता येतं, मी म्हणाले.
पलीकडे सुटलेला श्वास मला इथे ऐकू आला.
द्राक्षं कुठली?
पॅकहाउसची उरलेली, चोची मारलेली, काय सांगू, तुम्हाला माहीतच आहे.
निवडायला?
चार बाया होत्या. आता दोन.

त्यातली एक मंजुळा भोये, सुरगाण्याची.
पाहणीला गेले तेव्हा पट्ट्याशी उभी होती.
घड उचलायची, नाकापाशी न्यायची,
कात्रीच्या टोकानं एक मणी बादलीत.
कसं कळतं गं?
भिजल्या गोणपाटावानी वास येतो.
मग मान खालीच ठेवून,
माझ्याशी की पट्ट्याशी कोण जाणे,
दिसतं समदं. पन ह्यो थांबत न्हाई.

पावणेनऊ.
निकालाच्या रकान्यात 'मर्यादेत' लिहिलं.
खोटं नाही. खरंही
पॉइंट पाचनं हुकू शकेल.
खाली शेऱ्याचा रकाना असतो,
अकरा वर्षांत मी तिथे आडवी रेघच मारत आले.
आज लिहिलं:
पट्टा हळू करावा. निवडणाऱ्या दोघी परत घ्याव्यात.
सही, तारीख, शिक्का.

विश्राम खांद्यावरून वाचतो.
मॅडम, रिपोर्टात पद्धत लिहावी लागते.
शेरा कुठल्या पद्धतीनं काढला?

नाकानं, मी म्हणाले.
कुणाच्या, ते त्यानं विचारलं नाही.
बाटलीतला उरलेला रस त्यानं मोरीत ओतला,
आणि नळ जरा जास्तच वेळ सोडून ठेवला.