थोरली की धाकटी

महापालिकेच्या सभागृहात करार झाला त्या दिवशी
दुभाषी म्हणून मी होते, रोजंदारीवर.
टेबलावर दोन झेंडे, एकाची इस्त्री राहून गेलेली.
साहेबांनी पाहुण्यांकडे हात केला :
"आजपासून तुमचं शहर आमची बहीण."

आणि माझी जीभ टाळूला चिकटली.

करारावर छापायला जोडशब्द आहे त्यांच्याकडे,
थोरली-धाकटी एका दमात.
पण एकीकडे बोट दाखवून म्हणायचं झालं
तर ठरवावं लागतं.
जपानीत नुसती बहीण सापडत नाही पटकन,
जसं आपलं इंग्रजीतल्या अंकलपाशी अडतं :
काका, की मामा?

मी थोरली म्हणाले. पाहुणे शेवटी पाहुणे.
त्यांचे प्रमुख उठले, कमरेतून वाकले,
आणि उत्तरात त्यांनीही पुण्याला थोरलीच केलं.
दोन थोरल्या. टाळ्या झाल्या.
पगडी हिरोसेंच्या कानांवर उतरली,
श्रीफळ हॉटेलच्या खोलीतच राहिलं,
माझं बिल अकरा महिन्यांनी निघालं, कर कापून.

हिरोसे त्यांच्यातले माळी. भाषण नव्हतं त्यांचं.
दुसऱ्या दिवशी सिंहगड रस्त्यावरच्या बागेत
निवृत्ती कोंढऱ्यांच्या शेजारी उकिडवे बसले.
तिकडून आणलेलं पाइनचं रोप उन्हाळ्यात गेलं होतं.
कोंढऱ्यांनी त्या जागी सुरू लावला होता,
न विचारता.
हिरोसेंनी सुरूची फांदी कानाशी धरून हलवली,
हसले, आणि कात्री काढली.
चार तास दोघे बोलले,
मला कुणी काही विचारलं नाही.
मी बाकावर बसून कालव्याकडे बघत
माझा पगार घेतला.

जाताना कात्री इथेच ठेवून गेले.

तीन वर्षांनी धार गेली.
रविवार पेठेतला धारवाला म्हणाला,
ह्या पोलादाला मी हात लावत नाही.
म्हणून मी ती भोसरीला नेली, प्रल्हादभावोजींकडे.
मंदीचे दिवस, दोन लेथ झाकून ठेवलेली,
साठ दिवसांचं येणं एकशे ऐंशीवर गेलेलं.
भावोजींनी धार लावून दिली, पैसे घेतले नाहीत.
फक्त मायक्रोमीटर लावून पात्याची जाडी
चार ठिकाणी मोजली
आणि डायरीत लिहून ठेवली.

मी पाहिलं. बोलले नाही.
दुभाष्याला सगळंच बोलायचं नसतं.

पहिली कात्री वाकली. दुसरी कडकडून तुटली.
तिसरीचा खिळा सैल, चौथी कोंढऱ्यांनी हातही न लावता
परत पाठवली.
पाचवीने त्यांनी सबंध सुरू उतरवला,
पाती खाकी पँटला पुसली आणि म्हणाले,
"बरी आहे."

पुण्यात ह्याहून जास्त कुणी बोलत नाही.

आता कोंढऱ्यांना ती हिरोसेंना पाठवायची आहे.
पत्र मला सांगितलं, दोनच ओळी :
*सुरू वर्षातून तीनदा छाटावा लागतो इथे,
तुमच्या हिशेबाने चालत नाही.
कात्री वापरून बघा आणि चूक कळवा.*
वर काय लिहू, मी विचारलं,
दादा म्हणू की—
"वय बघू नका," ते म्हणाले, "त्यांनी शिकवलं. दादा लिहा."

सिटी पोस्टातल्या खिडकीवर
परदेशी पार्सलचा फॉर्म भरते आहे.
आत काय : कात्री, एक नग.
किंमत : इथे थांबले, मग भावोजींना फोन केला,
त्यांनीही थोडा वेळ घेतला.
प्रकार : भेटवस्तू, की व्यापारी नमुना?
मी दोन्ही चौकटींत खूण केली.

खिडकीतून फॉर्म परत आला.
"एकच करा, मॅडम.
मागे रांग आहे."