गाठींची दोरी

रावेरहून भावाने केळीचं सोपट पाठवलं,
त्याची दोरी मीच वळली. बोटाला चीर पडली.
एक गाठ म्हणजे एक पिढी, असं ठरलं.

पहिली गाठ चुलीजवळच्या खुंटीला. ती मी.
दुसरी फळीखाली, जिथे पोरांच्या पाट्या,
गिरणेची माती, बहाळच्या शेतातली तीन खापरं.
तिसरीपाशी हर्षू थबकली:
"पणजी एवढी जवळ?"

दोरी दारातून निघाली, ओटा उतरली,
शेवग्याला वळसा घालून
कौतिकमावशीच्या गोठ्यापाशी संपली.
खापरं घडवणारा अजून खूप पुढे,
नदीच्या अंगाला कुठेतरी.
"मामाला सांग ना, अजून सोपट," निनाद म्हणाला.

जेवून आलो तर
नवव्या पिढीपासून पुढे ओली लुगडी.
"दोरी शे ना, मंग?"
मावशीला काय सांगणार.

उन्हं कलल्यावर पोरांनीच कपडे काढले.
हर्षू घड्या घालताना गाठी मोजत होती,
इथल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही,
असं स्वतःशीच बोलत.

मावशीच्या नातवाची एक चड्डी
निनादने अकराव्या गाठीवर राहू दिली.
तिथल्या पोराला लागेल, म्हणाला.