टाचणीखालचा शब्द

येल बेटावर झाडं नाहीत.
वाऱ्याला आडव्या येतात त्या मेंढ्या,
दगडी कुंपणं, आणि बाबी मॅन्सनचं घर,
जिथं ती गेली फेब्रुवारीत, खुर्चीतच,
सुया मांडीवर.

मागं राहिला एक अर्धा स्वेटर,
दोन बाह्या, पाठ, गळा नाही.
त्यावर टाचणीनं लावलेला कागद,
वाणसामानाच्या यादीची कोरी बाजू.
पेन्सिलीनं एकच शब्द: रॅव्हल.

थोरली ओस्ला म्हणाली, हुकूम आहे.
उसव म्हणते आई. उसवा आणि लोकर वाटून घ्या.
धाकटी गिर्झी म्हणाली, कबुली आहे ती.
गुंतलंय म्हणते. शेवटी डोळे गेले होते तिचे,
टाके चुकले, तेवढं लिहून ठेवलंय बिचारीनं.
हात लावायचा नाही.

एका शब्दापायी
अकरा वर्षं.
चर्चमध्ये दोन टोकांचे बाक.
फेरीबोटीत एक वर डेकवर, पावसात,
एक खाली गाडीत, काच लावून.
स्वेटर दुकानदार मॅग्नीकडे,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डांबराच्या गोळ्यांसोबत.
तो म्हणायचा, माझ्या फळीवर
एवढा भांडखोर माल दुसरा नाही.

मग गिर्झीची नात सुनिवा,
शाळेची जाड डिक्शनरी घेऊन आली
आणि ओळीवर बोट ठेवून वाचू लागली:
रॅव्हल, क्रियापद. एक, गुंतवणे.
दोन, गुंता सोडवणे.
आजी, दोन्ही आहे.

छापताना चुकलं असेल, गिर्झी म्हणाली.
मग चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.
खाली बारीक अक्षरात:
डचांकडून आलेला असावा.
म्हणजे हेरिंग धरायला यायचे, त्यांचं
कुठल्याशा दोराचं विरलेलं टोक.
सुटू लागलेला धागा
आधी शेजाऱ्याच्या गळ्यात पडतो,
हे त्यांना भर समुद्रात, गारठल्या बोटांनी
कळलं असणार.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी
डबा ओस्लाच्या दारात आला, मागोमाग गिर्झी.
कुणी काही बोललं नाही.
ओस्लानं शेवटचा टाका शोधला, ओढला.
गिर्झीनं दोन्ही हात पुढं केले,
लहानपणी करायची तसे, तळवे समोरासमोर.
ओळीमागून ओळ सुटत गेली.
चुकलेले टाकेही आले मध्ये,
ते तर जास्तच सहज सुटले.

पाठीच्या मध्यावर धागा अडला.
गाठ. आत पीळ पडून बसलेला
एक पांढरा केस. आईचा,
किंवा मेंढीचाही असेल.
ओस्ला कात्रीसाठी उठली.
थांब, गिर्झी म्हणाली.
अकरा वर्षांतलं पहिलं बोलणं
ते एवढंच.
नखांनी सोडवली गाठ. चहा गार झाला.

लोकर धुतली, पिळली,
चुलीवरच्या दांडीला टांगली,
खाली वजनाला किटली बांधली.
तरी धाग्याचे बाक जाईनात,
जिथं जिथं टाका होता तिथं तिथं वळलेला.
दोघी बघत बसल्या. बाहेर अंधार,
म्हणजे तीन वाजले असतील.

बाह्या कुणाच्या मापाच्या होत्या गं?
ओस्लानं विचारलं.

गिर्झीनं दांडीकडं बघितलं.
मोजायला काही उरलं नव्हतं.