पाठ कुणाला दाखवावी

एकतीस वर्षं मी रोज पहाटे
डोकं पुढे घालून भट्टीत वाकतो.
तोने म्हणतात आमच्याकडे तिला,
मातीचा मोठा रांजण, पोटात निखारे.
आतल्या भिंतीवर होडीसारखी लांबट रोटी थापायची
आणि भुवया शाबूत आहेत तोवर अंग बाहेर खेचायचं.
दिवसाला चारशे वेळा.
तिबिलिसीतल्या माझ्या गल्लीनं
माझं तोंड कमी पाहिलंय, पाठच जास्त.

मार्चमध्ये पाठीनं संप केला.

शेजारची भाजीवाली त्सिआला म्हणाली,
"अम्ब्रोसी, चोळून घे कुणाकडून तरी."
कुणाकडून तरी!
जोडा घेताना दहा घालून बघतो माणूस,
कलिंगड बोटानं वाजवून घेतो,
आणि पाठ म्हणे कुणाकडूनही.

आधी गेलो गंधकाच्या हमामात,
विटांच्या घुमटाखाली, कुजक्या अंड्यांच्या वाफेत.
तिथला मेकिसे, म्हणजे अंग घासणारा, शाल्वा.
आजोबापासून हेच काम.
त्यानं मला दगडावर पालथं घातलं
आणि गालिचा धुवावा तसं धुतलं.
एका माणसाचा निघू नये इतका मळ निघाला,
त्यात निम्मं पीठच असणार.
गुलाबी होऊन घरी आलो.
दुखणं तेवढं स्वच्छ झालं.

मग पुतणीनं पत्ता दिला एका नव्या ठिकाणाचा.
भिंतीवर सहा प्रमाणपत्रं,
कोपऱ्यात पाणी वाहिल्याचा आवाज, पाणी कुठंच नाही.
तोर्निके नावाचा पोरगा, लोण्यासारखे हात.
विचारलं त्यानं एवढंच: लव्हेंडर की संत्रं?
मी म्हटलं संत्रं.
झोप छान लागली, खोटं का बोलू.
ज्याला झोप हवी त्यानं तोर्निकेकडे जावं,
ज्याला मळ काढायचाय त्यानं शाल्वाकडे.
मला वाकायचं होतं.

इझोल्दा रुस्तावीत राहते, सातव्या मजल्यावर.
लिफ्टमध्ये नाणं टाकावं लागतं.
एके काळी पैलवानांच्या संघाची मालिशवाली,
मनगटं माझ्याहून जाड.
मी शर्टाची बटणं काढू लागलो,
"आधी बस," म्हणाली.
रोट्या किती? कुठला हात आत जातो?
भार कुठल्या पायावर?
शिंकलास की कळ कुठवर उतरते?
बायको कुठल्या कुशीला झोपते?
"आता कुठल्याच नाही."
तेही तिनं लिहून घेतलं, मान वर न करता.

मग माझ्या पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवलं.
"उचल, माझ्या बोटाविरुद्ध."
डावा उचलला.
उजवा माझा असून माझं ऐकेना.

तिनं हात काढून घेतला,
टॉवेलला पुसला, तेल लागलंच नव्हतं तरी.
"आज मी हात लावणार नाही.
आधी डॉक्टर, आधी कण्याचा फोटो.
तो हो म्हणाला तर ये."
"मग पैसे?"
"पंधरा लारी. विचारल्याचे."

नाणं उरलं नव्हतं, जिन्यानं उतरलो.
प्रत्येक पायरीला तिच्यावर रागावत.
तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी कांदा परतत होतं,
तो चुर्र आवाज ऐकला आणि थबकलो.
पहिल्या रोटीआधी मीही भिंतीवर
मिठाचं पाणी शिंपडतो, कान देतो.
भट्टी चिडलेली असली तर थांबतो,
गिऱ्हाईक कितीही खोळंबो.

जूनमध्ये चिठ्ठी घेऊन परत गेलो.
तिनं ती चष्म्याशिवाय वाचली, मग चष्मा लावून.
फोटो खिडकीच्या उजेडात धरला,
तळवे किटलीवर शेकले.
"हं. आता दाखव पाठ."

सध्या भट्टी पुतण्याकडे आहे.
रोट्या वाकड्या निघतात, एका टोकाला करपलेल्या.
मी बाकावर बसून गप्प.
इझोल्दानं बजावलंय:
महिनाभर वाकायचं नाही,
आणि चिडायचंही नाही,
चिडलं की आधी मान आखडते.
वाकणं जमलंय.