तिसरा त

मू-इ-राना गावात डॉक्टरांनी ऐलिफला
आजाराचं नाव सांगितलं: येर्नेस्लाग.
येर्ने म्हणजे मेंदू, स्लाग म्हणजे घाव.
त्यानं म्हणून पाहिलं,
तर जिभेनं भलतीकडेच सुरी ठेवली:
येर्नेस. लाग.
लाग म्हणजे संघ.
ओस्लाउग हसली, पंधरा दिवसांत पहिल्यांदा.
"मेंदूचा संघ! हरलेला दिसतोय."

या शब्दाच्या आधी एक ह लिहितात,
तो कुणीच उच्चारत नाही.
आणि शेवटचा ए गिळला
तर मेंदूचं लोखंड होतं, येर्न,
ज्याचा कारखाना खिडकीतून दिसतो.
या गावात ती चूक कुणी मनावर घेत नाही.

मंगळवारी सुनिवा येते, बोलायला शिकवायला.
बर्फ झटकते, टेबलावर बोटानं ठेका धरते:
पहिल्यावर पूर्ण जोर, दुसऱ्यावर निम्मा,
पण दुसऱ्याला खायचं नाही.
ब्रून-उस्त. तपकिरी चीज. समोर बशीतच आहे.
ब्रू, म्हणतो ऐलिफ, आणि थांबतो.
ब्रू म्हणजे पूल.
पूल बांधून झाला, पलीकडचा काठ नाही.

"घाई नाही," ती म्हणते.
घाई आहे. शुक्रवारी रात्री
लेक त्रोनहाइमहून गाडीत बसणार.

म्हणून आजचा शब्द रात्रगाडी: नात्तोग.
नात्त म्हणजे रात्र, तिला दोन त.
तोग म्हणजे गाडी, तिला एक.
जोडताना तीन त शेजारी बसवत नाहीत,
एकाला उठवतात.
कुणाचा गेला, रात्रीचा की गाडीचा,
हे कोणी विचारत नाही.

सुनिवा लिहायला लागली आणि कागदाची कड आली.
तिनं शब्द मोडला:
वर एक त, आडवी रेघ, खाली एक त.

ऐलिफनं डाव्या हातानं पेन्सिल मागितली.
उजवा मांडीवर पडून होता,
बेचाळीस वर्षं याच गावच्या वर्तमानपत्रात
शिशाचे खिळे उचललेला हात.
वेळ लागला. कॉफीवर साय धरली.
वरच्या ओळीत, रेघेच्या अलीकडे,
वाकडातिकडा एक त उभा राहिला.

ओळीच्या टोकाला शब्द तुटला
की उठवलेलं अक्षर परत बोलवायचं,
ज्याचं त्याला द्यायचं.
सुनिवाला हे शाळेत शिकवलं होतं. ती विसरली होती.
कानापर्यंत लाल झाली.

"नात्त," ऐलिफ म्हणाला.
रात्र पूर्ण होऊ दिली.
"तोग."
दुसऱ्यावर निम्मा जोर. खाल्लं काही नाही.

ओस्लाउग मोरीपाशी जाऊन
आधीच धुतलेला कप पुन्हा धुऊ लागली.

शनिवारी पहाटे फलाटावर उणे चौदा.
गाडी वीस मिनिटं उशिरा.
तो शब्द त्याच्या तोंडात तयार आहे,
दोन्ही तुकडे, तिन्ही त.
लेकीचं नाव मात्र अजून आलेलं नाही.
मारित.
त्यात सांधा नाही,
सुरी कुठे लावायची ते सापडत नाही.