काय पाह्यलं वो तिथं?

वरूडच्या अलीकडच्या फाट्यावर बस थांबली,
नलूबाई कुकडे उभीच होती.
"काय पाह्यलं वो तिथं?"
म्हटलं, आधी बॅग तर धर.

काय सांगू.
लिफ्टात चौथा मजला नव्हता.
तीन झाले की एकदम पाच,
तेरा नाही, चौदाही नाही.
तेविसाव्यावर खोली दिली होती मला,
बोटांवर मोजलं तर भरला विसावाच.
खिडकी उघडत नव्हती.
खाली बारा पदरी रस्ता वाहत होता
आवाज बंद केलेल्या टीव्हीसारखा.

चार म्हटलं की त्यांना मरण ऐकू येतं,
फांगनं सांगितलं,
मशीन शिकवणारी पोरगी, माझ्या भाचीएवढी.
तेव्हा ते एवढं मोठं ग्वांगझू
मला जरा ओळखीचं वाटलं.
आपणही रात्री सापाला लांबडंच म्हणतो.

तिचा फोन माझी हिंदी ऐकायचा
आणि चिनी बोलायचा.
वऱ्हाडी त्याला येत नव्हती.
म्हणून आधी मीच मनात वऱ्हाडीची हिंदी करायची,
मग पुढचं तो करायचा.
"मले झोप येऊन राह्यली"
तिच्यापर्यंत काय होऊन पोचलं कोण जाणे,
तिनं गरम पाण्याचा ग्लास आणून दिला.
तिथं सगळ्यावर गरम पाणीच.

दिवसभर मेणाची मशीन.
ब्रश किती वेगात, वारा किती ऊन,
फळ कुठं दुखतं.
मेण जास्त झालं तर काय, हे विचारलं
तर फोननं भलतंच काही सांगितलं.
मग फांगनं स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला,
डोळे मोठे केले.
वहीत लिहिलं : संत्र्याचा श्वास कोंडतो.

पाचव्या रात्री फळबाजार.
उजेड असा की सावली पायाखालीच.
तिथलं संत्रं पानासकट विकतात,
डहाळी कापायची, पान ठेवायचं,
आपल्याकडे अडत्यानं शिव्या घातल्या असत्या.
एक म्हातारी. गळ्यात फोननं पैसे घ्यायची पाटी.
भाव विचारला तर तिनं
अंगठा आणि पहिलं बोट ताणून दाखवलं.
मी दोन समजले.
दोन नोटा काढल्या.
ती त्या नोटांकडं पाहत राहिली,
गेल्या साली होऊन गेलेल्या लग्नाची पत्रिका
कोणी हातात ठेवावी तशी.
मग एवढी हसली की शेजारचा ट्रकवालाही वळला.
दोन नव्हे, आठ!
आठ म्हणजे तिथं एवढंच,
अंगठा आणि एक बोट.

पैसे फांगनं भरले.
मी तिथंच सोललं.
साल सुटली, बोटांवर तेल उडालं,
वास अगदी आपला.
चव नाही.
गोड होतं, पण गोड म्हणजे नुसतंच गोड.
आपला आंबिया शेवटच्या फोडीला
जिभेला एक चिमटा काढतो ना,
तो नव्हता.
साल खिशात ठेवली होती,
विमानतळावर काढून घेतली.

आता शेडमध्ये मशीन लागली आहे.
आवाज असा की शेजारचीला हाक जात नाही.
परवा शेवंता उईकेनं लांबून खूण केली : कॅरेट किती झाले?
माझा हात आपोआप वर गेला,
अंगठा आणि एक बोट.
तिनं दोनच कॅरेट रचले. ओरडा झाला.
मग चहाच्या वेळी सगळ्यांना शिकवलं,
सहाला अंगठा नि करंगळी,
दहाला दोन बोटांची फुली.
शनिवारपर्यंत अख्खी ओळ हातांनी बोलायला लागली.
चार मात्र आम्ही चारच बोटांनी दाखवतो.
चौथ्या पट्ट्यावर चुर्री उतरते,
तिचं नाव टाकून कसं चालेल?

काल नलूबाई आठवडी बाजारात गेली होती.
सांभारवाल्याला तिनं आठ दाखवले.
त्यानं दोन जुड्या पिशवीत टाकल्या.
तिनं पुन्हा दाखवले.
त्यानं पुन्हा दोन.
चांगली भांडून आली.
मला सांगताना हसत नव्हती अजिबात,
"भैताड हाय तो, बाई.
त्याले गिनतीच येत नाही."