चार इंच दोरा

आमच्या शेडमध्ये कुणी कुणाचं ऐकत नाही,
ओठ वाचतो.
चोवीस माग, माझी सत्तावीस वर्षं,
आणि डावा कान, तो कधीचाच
टॉवेलच्या कुठल्यातरी गठ्ठ्यात बांधून परराज्यात गेला.

श्रावंती डबा आणते आणि दारातूनच धडा म्हणते.
येत्या सोमवारी ग्लायडर शिकायला निघालीय,
पाठ झाल्याशिवाय बसू देत नाहीत म्हणे.
फ्यूजलाज म्हणजे धड. ओठांचा चंबू.
एलिव्हेटर शेपटीला, आडवा. खालच्या ओठावर दात.
एलेरॉन पंखांच्या टोकांशी, एक वर गेला की दुसरा खाली,
हे तिने दोन्ही हातांनी दाखवलं
आणि कांडीवाल्या बसवय्याला वाटलं, भांडण लागलं.
'यॉ' मात्र मला कळेना. नुसतं उघडं तोंड.
मी समजलो, म्हणतेय 'या',
आणि चालता माग सोडून दारापर्यंत गेलो.

'आलात कशाला, नान्ना?
यॉ म्हणजे नाक डावीउजवीकडे वळणं.'
मग वळतो, म्हटलं,
तिकडे ताणा तुटलाय.

जेवताना तिने कडक भाकरी आडवी धरली,
फुगलेली बाजू वर.
'हा पंख. समोरून हवा आली की उचल मिळते.
नाक थोडं वर, जास्त उचल.
अजून वर, अजून,
आणि इथे हवा पाठीवरून सुटते. स्टॉल.'
भाकरी आमटीत.
'मग करायचं काय?'
'नाक खाली घालायचं. घाबरून वर ओढलंत, की संपलं.'
हे आमच्या मालकाला कुणीतरी सांगायला हवं होतं
मंदीच्या साली, नवे आठ माग घेतले तेव्हा.

'आणि इंजिन?'
'नसतंच.'
'मग चढतं कशावर?'
'उकाड्यावर. होटगी रोडचं डांबर तापलं
की त्यावरची घार पंख न हलवता चढते ना, तशी.'
त्रेचाळीस अंशांबद्दल सोलापुरात
मी पहिल्यांदाच चांगला शब्द ऐकत होतो.

मग म्हणाली, वेग दाखवायला घड्याळ असतं, उंचीला घड्याळ असतं,
आणि एक दोरा.

दोरा?

'चार इंच. बाहेरून काचेवर, बरोबर डोळ्यांसमोर.
सरळ मागे पडला तर ठीक.
तिरका झाला तर विमान कडेला घसरतंय.
मग पायाने रडर.'

मी घास तसाच धरून बसलो.
माझा बाप खड्ड्यात पाय सोडून हातमागावर बसायचा.
पाय पावडीवर, डोळे दोऱ्यावर.
त्याला उंचीची भीती वाटायची, माळ्यावरही चढला नाही कधी.

रात्री शेडमधून मिळेल तो दोरा आणला.
वीस नंबर, दुहेरी चाळीस, लाल, मोरपंखी.
तिने एकेक धरून फुंकर मारली.
'जड आहेत, नान्ना. पीळ फार. लोंबतात.'
सत्तावीस वर्षांचा धंदा चार इंचांत नापास.

अम्मा विड्या वळत होती. मान वर न करता
सुपातला दोरा दातांनी तोडला आणि पुढे केला.
विडीला बांधायचा, केसाएवढा.
तो उडाला.

पहाटे लुनावर दोघं होटगी रोडला,
पुढच्या काचेवर दोरा, चिकटपट्टीने.
विमानतळाच्या कुंपणापाशी उसाचा ट्रॅक्टर आडवा गेला
आणि दोरा गपकन डावीकडे.
'घसरतोय आपण!' मी ओरडलो.
'नाही. हा नुसता बाजूचा वारा.
वर गेलं की वारा आपल्याला सोबत घेऊनच वाहतो,
तिथे दोरा फक्त आपली चूक दाखवतो.'

हे ती मागून बोलली, उजव्या कानाशी,
म्हणून मला ओठ न बघता कळलं.
मी पुढे बघत होतो. दोरा सरळ होता.

घरी अम्मा हजार मोजत होती.
एक विडी सुटीच राहिली, तेवढाच दोरा कमी पडला.
ती तिने बाजूला ठेवली.
कारखान्यात दाखवली नाही.